रविवारचं अपडेट

बेबीनंदानं कॉम्प्युटरवर तीन ओळी मारल्या, वर पडद्याकडे पाहिलं आणि मारलेलं सगळं पुसून टाकलं. समोर सातवीतल्या एका मुलीचे वडील उभे होते. त्यांना बोनाफाईड हवं होतं, आणि असलं प्रमाणपत्र बेबीनंदानं झोपेतसुद्धा मारून दिलं असतं. तिनं खुर्ची पुढे ओढली, दोन्ही हात नीट ठेवले आणि पुन्हा सुरुवात केली. 'प्रमाणित करण्यात येते की.' वर पाहिलं. पुन्हा तेच. अक्षरं मराठी होती, काना-मात्रा मराठी होत्या, पण शब्द एकही या जगातला नव्हता.

"प्रिंटर बिघडलाय," ती त्या गृहस्थांना म्हणाली. "हातानं लिहून देते."

शिक्का बसला, सही झाली आणि ते समाधानानं निघून गेले. कागदावर शिक्का असला की बाकी काय कसं लिहिलंय हे राजूरमध्ये कोणी बघत नाही. बेबीनंदानं मात्र कॉम्प्युटर बंद केला आणि दोन्ही हात टेबलाखाली घेऊन उघडझाप करून पाहिले.

संस्थेच्या या शाळेत ती सव्वीस वर्षं लिपिक होती. वय बावन्न. टायपिंग शिकली जालन्यात, तेही लोखंडी मशीनवर. तिथले मास्तर शिकणाऱ्यांच्या हातांवर फडकं टाकायचे. बघून मारणारा तो टायपिस्टच नव्हे, असं त्यांचं ठाम मत होतं. तेव्हापासून तिची नजर कागदावर आणि बोटं आपापल्या कामाला. मधल्या काळात हाताखालची मशीन दोनदा बदलली. लोखंडी गेली, कॉम्प्युटर आला, आणि दोन वर्षांपूर्वी संस्थेनं आपल्या सातही शाळांमध्ये विंडोज काढून लिनक्स बसवलं. बोटांना त्याचा पत्तासुद्धा लागला नव्हता. शाळेतल्या नव्या शिक्षकांशी ती टाइप करताना हटकून हवापाण्याच्या गप्पा मारायची, त्यांनी बघत राहावं म्हणून. एवढा तोरा तिला होता आणि तो शोभायचाही.

आता कोणी म्हणेल, अगं बाई, मशीनलाच काहीतरी झालं असेल की. पण मशीन बिघडली की काय होतं ते तिनं सव्वीस वर्षं पाहिलं होतं. पडदा काळा पडतो, माऊस अडकतो, अक्षरांच्या जागी चौकोन येतात. इथं सगळं लख्ख. रविवारीच जालन्याहून अपडेट झालेलं, पत्रं मारायच्या 'ऑफिस' प्रोग्रॅमची नवी चित्रं छान चमकत होती. इंग्रजीतला पासवर्ड पहिल्या झटक्यात लागला. मराठीचं बटण दाबलं की मराठीच उमटत होतं, फक्त भलतंच. म्हणजे मशीन सांगितलेलं बरोबर करत होती. चुकत होतं ते सांगणारंच.

आणि दुसरी एक गोष्ट होती, जी तिनं शाळेत कोणाला कधी सांगितली नव्हती. तिची आई, आसराबाई, चाळीस वर्षं रोज भाकरी थापायची. एका सकाळी ती परातीपुढे बसली, पिठात पाणी घातलं आणि नुसतीच पिठाकडे बघत राहिली. बेबे, आता पुढं काय करायचं असतं गं, असं तिनं अगदी साधेपणानं विचारलं. त्यानंतर ती सहा वर्षं जगली, पण त्यातली शेवटची चार लेकीला ओळखत नव्हती. आधी हात गेला आणि मग बाकीचं गेलं, हा क्रम बेबीनंदाच्या डोक्यात पक्का बसला होता.

त्या रात्री भाकरी करताना तिला घाम फुटला. भाकरी गोल झाली, फुगलीही. नवऱ्याला, भारतला, काही कळलं नाही, कारण तो जेवताना मोबाईल बघतो. तिनं मनातल्या मनात एकोणतीसचा पाढा म्हटला. गल्लीतल्या घरांची नावं ओळीनं आठवून पाहिली. एका घरातल्या सुनेचं नाव आठवेना, तर ती चांगलीच घाबरली. मग लक्षात आलं की ते नाव तिला आधीपासूनच माहीत नव्हतं.

मंगळवारी तिनं सगळा पत्रव्यवहार हातानं केला. मुख्याध्यापक शेजूळ सर खूश झाले, मॅडम, तुमचं अक्षर तर छापल्यासारखं आहे म्हणाले. ते स्वतः मोबाईलला तोंड लावून बोलतात आणि मोबाईल लिहून देतो, त्यामुळे त्यांनी तिच्या कॉम्प्युटरला हात लावायचा प्रश्नच नव्हता. बुधवारी कोणी नसताना तिनं पुन्हा एकदा मारून पाहिलं. अगदी सावकाश, आपलं स्वतःचं नाव. जे उमटलं ते बघून तिनं जालन्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे शनिवारचा नंबर लावला. भारतला सांगितलं, डोळे तपासायचेत.

गुरुवारी मात्र पळवाट संपली. नव्या प्रयोगशाळेचा चार पानी प्रस्ताव शनिवारपर्यंत संस्थेच्या कार्यालयात द्यायचा होता, आणि तो हातानं लिहिलेला चालणार नव्हता. तिनं प्रिंटरचं तुणतुणं पुन्हा वाजवलं. शेजूळ सर वाट बघणाऱ्यातले नव्हते. त्यांनी तिला न विचारताच जालन्याला फोन लावला, आणि दुपारी एकच्या सुमारास हेल्मेट काखेत धरून प्रांजली दारात उभी राहिली.

प्रांजली म्हणजे सातही शाळांचे कॉम्प्युटर बघणारी. तिशीतली, नवीन जालना भागात स्वतःचं छोटं दुकान असलेली. पाणी पिऊन तिनं प्रिंटर उघडला, मिटला, चाचणीचा कागद काढला. कागद सुरेख आला. तिनं दुसरा काढला. तोही आला.

"ताई, याला तर काहीच झालेलं न्हाई. तुम्ही दोन ओळी मारा बरं, तुमच्या हातचं पाहू."

बेबीनंदा खुर्चीत बसली. हात मांडीवरच राहिले. बाहेर आठवीच्या वर्गात शेजूळ सरांचा आवाज चढला होता, म्हणजे अजून वीस मिनिटं तरी ते इकडे येणार नव्हते.

"प्रिंटरला काही न्हाई झालं," ती म्हणाली. "माझाच हात गेलाय."

मग तिनं सगळं सांगितलं. सोमवारचं बोनाफाईड, पाढे, शनिवारचा डॉक्टर. आईची परातसुद्धा सांगितली. सांगताना ती प्रांजलीकडे न बघता की-बोर्डाकडे बघत होती, म्हणजे तीस वर्षांत जे केलं नव्हतं ते करत होती. शेवटी म्हणाली की सरांना इतक्यात सांगू नकोस, शनिवारचं होऊ दे. अजून सहा वर्षं नोकरी आहे, पण असं असेल तर मीच सोडीन, कोणी सोडायला लावायच्या आधी.

प्रांजलीनं धीर वगैरे काही दिला नाही. एकदा मारून दाखवा, एवढंच म्हणाली. बेबीनंदानं मारलं. प्रांजली खाली वाकली, पडद्यावरची ओळ तिनं वाचली आणि तिचा चेहरा पडला. तिनं माऊस घेतला, वरच्या कोपऱ्यात गेली, एक यादी उघडली, तिच्यातलं एक नाव निवडलं आणि मागे सरकली.

"आता मारा."

बेबीनंदाची बोटं चालली. वर बघायची मात्र तिची हिंमत होईना. मग प्रांजलीनंच मोठ्यानं वाचलं, 'प्रमाणित करण्यात येते की, कुमारी.'

बेबीनंदाला रडू आलं आणि रागही आला. दोन्ही एकदमच आल्यामुळे तिला काहीच करता येईना, ती नुसती बसून राहिली. नंतर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि तीच ओळ आणखी चारदा मारली. चारही वेळा बरोबर आली.

चूक प्रांजलीची होती आणि तिनं ती तिथंच कबूल केली. रविवारी तिनं दुकानात बसून सातही शाळांचे कॉम्प्युटर एकदम अपडेट केले होते, ऑफिसची नवी आवृत्ती टाकली होती. त्या भानगडीत टाइपरायटरची जुनी मांडणी उडाली आणि तिच्या जागी दुसरी, आजकाल क्लासमध्ये शिकवतात ती बसली. कोणत्या बटणावर कोणतं अक्षर, ते सगळंच बदललं. जुनी मांडणी परत निवडायला एक मिनिट लागतं. तेच राहिलं. काही अडचण असल्यास कळवा, असं तिनं लिपिकांच्या ग्रुपवर टाकलं होतं. सातही जणांनी अंगठे दिले. बेबीनंदानंही दिला होता, रविवारी, भाजी निवडताना.

"चार दिवस झाले, एकाचाबी फोन न्हाई," प्रांजली म्हणाली. "मला वाटलं, सगळं बराबर चालू आहे."

एवढं बोलली, आणि बाकीच्यांचंही हेच झालं असणार हे दोघींच्या एकदमच ध्यानात आलं. सातांपैकी तीन शाळांत नवे लिपिक होते, त्यांची मांडणी वेगळी. उरलेले चार जुन्या हाताचे. प्रांजलीनं तिथंच बसून फोन लावायला सुरुवात केली. भोकरदनकडच्या शाळेतले भुजंगराव म्हणाले की चष्म्याचा नंबर वाढला होता, नवा करून आणला, पण अजून सवय होईना. घनसावंगीच्या बाई म्हणाल्या की बोटं आखडलीत, तिळाचं तेल चोळून राह्यले. मशीनचं नाव एकानंही काढलं नाही. प्रांजली दोघांनाही माफी मागून सांगत होती आणि प्रत्येक फोननंतर तिचा आवाज आणखी खाली जात होता.

चौथी शाळा अंबडकडची. तिथल्या सगुणाबाई खरात फोन उचलेनात, म्हणून प्रांजलीनं तिथल्या मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, सगुणाबाई आज आल्याच नाहीत. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज घेऊन संस्थेच्या कार्यालयात गेल्यात. कारण विचारलं तर म्हणाल्या, तब्येत साथ देत नाही.

बेबीनंदानं प्रांजलीचा फोन संपायचीही वाट पाहिली नाही. सगुणा आणि ती टायपिंगच्या क्लासात शेजारशेजारच्या मशीनवर बसायच्या. परीक्षेत सगुणाचा वेग हिच्याहून दोन शब्दांनी जास्त आला होता, आणि ते दोन शब्द तिनं आजतागायत प्रत्येक लग्नात ऐकवले होते. बेबीनंदानं स्वतःच्या मोबाईलवरून नंबर लावला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला.

"बेबी, मी जालन्याला आल्ते गं, ऑफिसात आहे. मंग करते."

"कागद दिलास का?"



"तुला कोणी सांगितलं?"

"दिलास का, ते सांग आधी."

"साहेब आत्ताच आलेत. आत बोलावतील आता. हातातच आहे कागद." मग आवाज खाली गेला. "हातानंच लिहिलाय. मारायला बसल्ते, पण..."

"पण भलतंच उमटलं."

मागे कोणीतरी चहा विचारत होतं.

"माझंबी तसंच झाल्तं, सोमवारपासून," बेबीनंदा म्हणाली. "सगुणे, हात बिलकुल चांगलाय तुझा. रविवारी अपडेटमध्ये बटणांवरची अक्षरं इकडची तिकडं झाली. आपली मांडणी उडाली. बस, एवढंच झालं."

"खरं सांगून राह्यली का?"

"प्रांजली बसलीय इथंच. तिनं माझं केलं आत्ता. मी चारदा मारून पाहिलं."

यावर सगुणाबाईनं एक लांब श्वास घेतला, तो इकडे राजूरला नीट ऐकू आला.

"तू कोणाला सांगितल्तं?" तिनं विचारलं.

"आजपर्यंत कोणालाच न्हाई. तू?"

"मीबी न्हाई. घरीसुद्धा न्हाई."

प्रांजलीनं खालच्या आवाजात सांगितलं की माझं नाव सांगा म्हणावं, मी संस्थेला तसं लिहून देते. बेबीनंदानं ते पुढे सांगितलं. पलीकडे शिपायानं नावाचा पुकारा केला, खरात बाई, आत या.

"पण बेबी, आत जाऊन आता म्हणू काय? इतक्या लांबून आले, साहेब विचारतीलच ना, मंग आलात कशाला."

"म्हणावं, मशीन बिघडली होती."

"एवढंच?"

"एवढंच."

सगुणाबाईनं ते वाक्य एकदा हळूच म्हणून पाहिलं, सवय नसल्यासारखं. मग फोन बंद न करताच ती उठली असावी, कारण खुर्ची सरकली, दार वाजलं, आणि दुसऱ्यांदा तेच वाक्य म्हणताना तिचा आवाज चांगलाच मोठा होता.