कुरीचा पहिला मोसम

तोमिए अंगणात पालथी पडली होती आणि घराच्या फळ्यांखालच्या पोकळीत हात घालून सुका मासा हलवत होती. आत, अगदी मागच्या खांबाला चिकटून, कुरी कुत्री बसली होती. अंधारात तिचे डोळे तेवढे दिसत होते. अंग इतकं थरथरत होतं की पाठीला लागलेल्या फळीची धूळ भुरभुरत खाली पडत होती.

"ये ग. झालं ते झालं. परत नाही काढणार बार. ये बाई."

कुरी आली नाही. घरातून काठी आपटल्याचा आवाज आला. एकदा, मग लगेच दोनदा. फेब्रुवारीत अर्धांगाचा झटका येऊन तिच्या नवऱ्याची, कान्जीची, उजवी बाजू आणि निम्मी जीभ गेली, तेव्हापासून हाक मारायची ती डाव्या हातातल्या काठीनेच.

तोमिए कोपरांची माती झटकत आत गेली. कान्जी उशांना टेकून बसला होता. बंदुकीचा आवाज त्याने ऐकला होता, हे उघडच होतं.

"कु... री?" तो म्हणाला.

"छान की. कान टवकारले नुसते. जागची हलली नाही."

कान्जीच्या तोंडाची डावी कड वर गेली. त्या दिवशी त्याने अर्धा वाडगा पेज खाल्ली.

चूक तोमिएचीच होती. कान्जीने पंचेचाळीस वर्षं कुत्री तयार केली, पण ती कशी, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. ती पहाटे उठून खालच्या शाळेच्या स्वयंपाकघरात दीडशे पोरांचा भात रांधायला जायची. एकदाच, सुट्टीच्या दिवशी, कान्जीने आपल्या जुन्या कुत्रीच्या, ताकीच्या, डोक्यावरून बार काढलेला तिने पाहिला होता आणि ताकी शेपूट हलवत उभी राहिली होती. त्या एका बाराआधी किती महिने गेले असतील, हे तिला कोण सांगणार? सांगणारा माणूस समोर पडून होता आणि त्याच्या तोंडून एका वेळी एक शब्द फुटत होता. शिकारीच्या मोसमाला अडीच महिने राहिले, या धास्तीने ती बंदूक घेऊन खालच्या पायरीच्या शेतात गेली, कुरी तितराच्या मागे धावली आणि तोमिएने तिच्या डोक्यावर बार काढला.

डोंगराच्या उतारावरच्या त्या वस्तीत आता सातच घरं राहती होती. रताळी, भात, बांबूचे कोंब, जमिनीतून जे वर येईल ते रानडुकरं उकरून खायची. मागच्या साली शेवटच्या घरातल्या म्हातारीने हात जोडले आणि ती मुलीकडे शहरात निघून गेली. डुकरांना अडवायला सहा बंदुकांची एक टोळी होती. माणसं कमी पडतात म्हणून तोमिएनेही आठ वर्षांपूर्वी परवाना काढला होता. ती खिंडीच्या तोंडावर उभी राहायची आणि आतापर्यंत दोन डुकरं तिने पाडली होती. पण डुक्कर उठवून अडवून धरायला कुत्रं लागतं. ताकी म्हातारी होऊन गेली. तिची शेवटची पोर कुरी, दीड वर्षाची, पिकल्या चेस्टनटच्या रंगाची. वस्तीत दुसरं शिकारी कुत्रं नव्हतं.

कान्जीचं तर त्याहून अवघड झालं होतं. उन्हाळ्यापासून त्याने जेवण टाकलं होतं. तोंडच उघडायचा नाही. दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली होती, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. तो तोंड उघडायचा ते फक्त कुरीची खबर ऐकताना. हे ध्यानात आल्यापासून तोमिए चमचा हातात धरूनच बोलायची. एक वाक्य, एक चमचा.

चार दिवसांनी टोळीचा म्होरक्या मोरिता दारात आला. चौऱ्याहत्तर वर्षांचा, पाठीतून वाकलेला माणूस. तोमिएने त्याला अंगणातच गाठलं आणि गाडीच्या पलीकडे नेलं. तिने टाळी वाजवली. कुरी फळ्यांखाली गेली.

मोरिता वाकून त्या पोकळीत डोकावला.

"वहिनी, बाराला बुजली ही."

"माहितीय मला."

"कान्जीला सांगितलंत?"

"सांगू? आणि मग तुम्ही येऊन भरवा त्यांना."

मोरिताने टोपी काढून डोकं खाजवलं. "पलीकडच्या खोऱ्यात ओनिशी म्हणून आहे. कुत्री शिकवणं हाच त्याचा धंदा. माणूस तिरसट आहे, आधीच सांगतो. आणि बुजलेलं कुत्रं तो सहसा घेत नाही."

ओनिशीने खरोखरच नाही म्हटलं. त्याच्या आवारात नऊ कुत्री साखळीला होती आणि एकही भुंकत नव्हतं. त्याने कुरीचे पंजे दाबून पाहिले, ओठ वर करून दात पाहिले, आणि तोमिएकडे न बघता विचारलं, "बार किती अंतरावरून काढलात?"

"डोक्यावरच. चार पावलांवरून."

"कोणी सांगितलं असं करायला?"

"कोणी नाही."

"तेच म्हणतो मी. जातिवंत कुत्री आहे ही. भित्री नाही. भीती तुम्ही घातलीत." त्याने दोरी तिच्या हातात परत दिली. "घरी न्या. राखण करेल. माया लावेल. सगळीच कुत्री डोंगरात जात नाहीत."

तोमिए निघाली नाही. ती तिथेच, कुत्र्यांच्या मुताने ओल्या झालेल्या मातीत, गुडघे टेकून बसली. रडली नाही. "माझा नवरा हिच्या गोष्टींवर जगतोय," ती म्हणाली. "खोट्या गोष्टींवर. माझ्या गोष्टी संपत आल्यात."

ओनिशी आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात भांड्याची दोन झाकणं होती.

"नऊ आठवडे. हिला खायला मीच घालणार. तुम्ही रविवारी यायचं, लांबून बघायचं, हाक मारायची नाही. आणि जमलं नाही तर मला बोल लावायचा नाही."

दर रविवारी तोमिए खोरं ओलांडून जायची. पहिल्या आठवड्यात कुरी ताटलीत तोंड घालायची तेव्हा ओनिशी ओढ्याच्या पलीकडून झाकणावर झाकण हळूच टेकवायचा. इतकं हळू, की तोमिएला ते ऐकूही यायचं नाही. कुरीने मान वर केली की तो तिथेच थांबायचा, दुसऱ्या दिवशी दहा पावलं मागे जायचा. मग झाकणं जवळ आली. मग शर्यतीतलं टिकलीचं पिस्तूल आलं, पुन्हा ओढ्याच्या पलीकडून. डुकराचं कातडं दोरीला बांधून ओनिशी कुरीला त्याच्याशी झोंबायला लावायचा आणि ती भान हरपून ओढत असताना लांब कुठेतरी टिकली फुटायची. सहाव्या रविवारी पिस्तुलाच्या जागी बंदूक होती. कुरीचा एक कान मागे गेला. कातडं तिने सोडलं नाही.

"हे बरं झालं ना?" तोमिएने विचारलं.

"कान गेला की मागे," ओनिशी म्हणाला.

घरी, तोमिएच्या गोष्टींत, मात्र कुरी पहिल्या दिवसापासून पराक्रम गाजवत होती. ती मोरिताकडे राहते आहे, रोज डोंगरात जाते आहे, असं कान्जीला सांगितलेलं होतं. तिने कोल्ह्याचं बीळ शोधलं. तिने ओढ्यातून पोहत माग काढला. मोरिताचा डबा पळवला. तोमिएला गोष्टी सुचू लागल्या, नको इतक्या सुचू लागल्या. डब्याच्या गोष्टीला कान्जी हसला, पेज हनुवटीवरून ओघळली, आणि ती पुसताना तोमिएला वाटलं, लग्नाला अडतीस वर्षं झाली पण आपण इतकं कधी बोललोच नव्हतो. तिला स्वतःची लाज वाटली. चमचा भरून तिने पुढचं खोटं सांगायला घेतलं.

मोसम उघडण्याच्या तीन दिवस आधी ओनिशीने कुरीला तिच्या स्वाधीन केलं. कुंपणात कोंडलेल्या डुकरासमोर ती कशी उभी राहते, ते आधी दाखवलं. ती हल्ला करत नव्हती. तोंडासमोर राहून भुंकत होती, डुक्कर धावलं की बाजूला, वळलं की पुन्हा तोंडासमोर.

"हे मी शिकवलेलं नाही," ओनिशी म्हणाला. "हे आईकडून आलंय. मी शिकवलं ते एवढंच, की चाळीस पावलांवर बार झाला तर ती सहन करेल. जवळ नको. या मोसमात तरी नको. ती डुकराला भिडलेली असताना तुम्ही जवळून बार काढलात, तर ती कायमची गेली. मग मलाही आणून दाखवू नका."

"चाळीस पावलं," तोमिए म्हणाली.

"चाळीस."

पहिल्या दिवशी सकाळी मोरिताने वायरलेसचा एक जादा संच कान्जीच्या उशाशी ठेवला. "ऐक आता लेकीचं गाणं," तो म्हणाला. कान्जीने दाढी करून घेतली होती.

नऊ वाजता मोरिताने कुरीला खालच्या बांबूच्या बनातून सोडलं. तोमिए नेहमीच्या जागी, खिंडीच्या तोंडावर, देवदाराच्या बुंध्याला टेकून उभी होती. तासभर काही झालं नाही. मग खालून कुरीचा आवाज आला, तुटक, धावता. आवाज उताराला लागला, वळला, वर येऊ लागला. बांबू मोडल्याचं ऐकू आलं. आणि मग तिच्यापासून बारा पावलांवर, उन्मळलेल्या झाडाच्या मुळांना पाठ देऊन, डुक्कर थांबलं. थोराड नर होता. कुरी त्याच्या तोंडासमोर होती आणि एका लयीत भुंकत होती.

ते भुंकणं गोष्टींतल्यासारखंच होतं. नव्हे, त्याहून चांगलं. तोमिएने डाव्या हाताने वायरलेस काढला आणि बटण दाबलं.

"अहो, ऐकताय ना?" ती हलकेच म्हणाली. "कुरी आहे."

बटण तिने दाबूनच ठेवलं. किती वेळ, ते तिला नंतर सांगता आलं नाही. मग वायरलेस खाली टाकून तिने बंदूक खांद्याला लावली. डुकराचं मस्तक नळीच्या टोकावर स्वच्छ दिसत होतं. कुरी बाजूला होती, गोळी तिला लागण्यासारखी नव्हती. पण बारा पावलं होती. चाळीस नव्हती.

मागे सरकावं तर झाडीत काही दिसलं नसतं. तोमिएचं बोट घोड्यावर होतं आणि ते दाबलं जात नव्हतं. फळ्यांखालचे ते दोन डोळे तिच्यासमोर होते. डुक्कर एकदा धावून आलं, कुरी बाजूला झाली. दुसऱ्यांदा धावलं, कुरी बाजूला झाली. पळून जा रे बाबा, तोमिए मनात डुकराला म्हणाली, खाली निघून जा, मोरिता बघून घेईल. तिसऱ्या वेळी कुरीचा मागचा पाय ओल्या मुळावरून घसरला आणि डुकराने मान खालून वर झटकली.

तेव्हा तोमिएने बार काढला. डुक्कर जागीच बसलं.

कुरी पळाली नाही. ती उभी होती, पोटाखालून काहीतरी लोंबत होतं, आणि ती अजून डुकराकडे तोंड करून भुंकत होती. आवाज तेवढा निघत नव्हता.

मोरिता सुईदोरा घेऊन धावत वर आला तोवर तोमिएने आपलं जाकीट तिच्याभोवती घट्ट बांधलं होतं. त्याने जाकीट जरासं उचलून पाहिलं आणि सुईची डबी न उघडताच परत खिशात ठेवली. गाडीच्या रस्त्याला लागण्याआधीच कुरीने तोमिएच्या मांडीवर प्राण सोडला.

घराशी पोचले तेव्हा काठी आपटत होती. थांबत नव्हती. मोरिता आणि टोळीतला दुसरा एक जण आत गेले आणि कान्जीला खुर्चीसकट उचलून अंगणात घेऊन आले. तोमिएने कुरीला त्याच्या पायांशी घोंगडीवर ठेवलं.

कान्जी डावीकडे झुकला. त्याने डाव्या हाताने आधी मागचे पाय चाचपले, एकेक करून, मांडीपासून नखांपर्यंत. मग शेपटीचं मूळ. मग पाठ. केस उलटे करून करून तो बघत होता. कुठे काही नव्हतं. मग त्याने जाकीट बाजूला केलं, आणि त्याचा हात छातीखाली जाऊन थांबला.

"पु... ढून," तो म्हणाला.

"हो," मोरिता म्हणाला. "समोरूनच घेतलं तिने. पाठ नाही दाखवली."

तोमिए उभीच होती. तिच्या बाह्या कोपरापर्यंत वाळून कडक झाल्या होत्या.

"मी बार उशिरा काढला," ती म्हणाली. "मला आधी काढता येत होता. मी नाही काढला. ती मोरितांकडे कधी नव्हतीच. माझ्या हातून ती बुजली होती, म्हणून ओनिशींकडे ठेवली होती. मी तुम्हाला सांगितलं ते सगळं खोटं होतं. डब्याचंही."

मोरिताने मान खाली घातली. कान्जीने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने वायरलेसवर ते भुंकणं ऐकलं होतं. पंचेचाळीस वर्षं तो तेच ऐकत आला होता. डुक्कर कधी थांबलं आणि बार कधी व्हायला हवा होता, हे तिच्यापेक्षा त्याला नेमकं ठाऊक असणार. ती वाट बघत राहिली. त्याने एक शब्द उच्चारला असता तरी, मग तो कसलाही असो, तिला चाललं असतं.

कान्जी कुरीच्या मानेवरच्या केसांत बोटं फिरवत होता. बनातून धावताना तिच्या अंगभर कुसळं चिकटली होती. त्याने एक कुसळ चिमटीत धरलं, ओढून काढलं आणि आपल्या गुडघ्यावर ठेवलं. मग दुसरं. डावा हात त्या कामाला सरावलेला नव्हता, दर वेळी दोन-तीनदा निसटायचं. खड्ड्यासाठी फावडं आणायला निघालेला टोळीतला माणूस दारातच थांबला. ऊन अंगणाच्या कडेपर्यंत सरकलं होतं, आणि मानेची एक बाजू अजून साफ व्हायची होती.