दोन बोटं बाहेर

मी एक जुना ओळंबा आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलेलं नसेल, आणि त्यात माझं काही बिघडलेलं नाही. खाली पितळेचा जड गोळा, वर दोरी, आणि दोरीत माझ्याच मापाची एक लाकडी चकती. चकती भिंतीच्या माथ्याला टेकवायची आणि मला खाली सोडायचं. मी भिंतीला नुसता शिवलो तर भिंत सरळ. लांब राहिलो तर भिंत वरून बाहेर झुकलेली. एवढंच माझं काम. ते मी कधी चुकवलं नाही.

मनमाडच्या एका लेथवाल्याने मला भंगारातल्या पितळेतून घडवलं. कळवणचे भिमाजी गवंडी माझे पहिले मालक. ते रोज संध्याकाळी मला फडक्याने पुसायचे आणि दोरी गुंडाळून खुंटीला टांगायचे. ते गेल्यावर त्यांच्या मुलांनी थापी आणि घमेली वाटून घेतली. मला कोणी विचारलं नाही. मुलीने, चंद्रभागाने, मला पिशवीत घातलं आणि नाशिकरोडला आपल्या घरी आणलं.

तिचा नवरा मल्हारी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला होता. निवृत्त झाल्यावर त्याला घराभोवती स्वतःच्या हाताने बांधकाम करायचं वेड लागलं. मोबाइलवर बघून तो शिकायचा. त्याच्या कामाचा मला तिरस्कार होता, ते लपवत नाही. त्याने पेरूच्या झाडाभोवती कट्टा बांधला, तर बसणारा माणूस हळूहळू एका बाजूला घसरायचा. मागच्या अंगणात फरशी घातली आणि उतार घराकडे ठेवला. पहिल्याच धुण्याचं पाणी स्वयंपाकघरात गेलं. मोबाइलमध्ये असंच दाखवलं होतं, असं तो म्हणाला. चंद्रभागाने खराट्याने पाणी बाहेर काढलं आणि मग मला खुंटीवरून उतरवलं.

तिचे गुडघे गेले होते. तिला उभ्याने कपडे धुता येतील असा कमरेइतका ओटा हवा होता, बाजूला उंच भिंत आणि त्या भिंतीवर पत्रा. आधी ओटा झाला. मग दोघं भिंतीला लागले. मल्हारी भिंतीच्या माथ्याला चकती धरायचा. तिथून त्याला खालचं दिसायचं नाही. म्हणून चंद्रभागा पालथ्या बादलीवर माझ्याशेजारी बसायची.

"अहो, एक बोट बाहेर हाय," ती म्हणायची.

"एका बोटाने काय होतं?"

"पत्रा माझ्या डोक्यात येतो. परत."

तो कुरकुरत वीट काढायचा. मी शिवल्याशिवाय ती कधी 'बरोबर' म्हणाली नाही. त्या घरात मी फक्त तिला मान देत होतो.

भिंत छातीइतकी झाली तेव्हा ती आजारी पडली. दवाखान्यातून ती परत आली नाही.

पुढे चार महिने मी उरलेल्या सिमेंटच्या बादलीत पडून होतो. अंगावर सिमेंट वाळलं. दोरीला गाठी पडल्या. घरात माणसं येत होती, जात होती. मला पुसावं असं एकालाही वाटलं नाही.

मग एके दिवशी मल्हारीने एकट्याने भिंत पुढे बांधायला घेतली. मला न घेता, नुसत्या नजरेने. तीन दिवसांत ती वरपर्यंत नेली. शेजारच्या नवसाबाईंनी 'भाऊ, काय सुंदर भिंत' म्हणून फोटो काढला. मुलगा सोमनाथ म्हणाला की हे काम कुठल्याच गवंड्याला जमलं नसतं. ते मात्र खरं होतं. इतकं वाकडं गवंड्याला जमत नाही. झुकलेली भिंत सगळ्यांना दिसत होती. पण माणसाची बायको गेली आहे, म्हणून सगळे त्याला खोटं देत होते, रडणाऱ्या मुलाच्या हातात बिस्किट द्यावं तसं.

मल्हारीला शंका आली असावी. चौथ्या दिवशी त्याने खिळ्याने माझ्यावरचं सिमेंट खरवडलं, स्टुलावर चढला आणि सून हर्षालीला खाली बघायला सांगितलं. आता त्या ओट्यावर तीच कपडे धुणार होती. मी भिंतीपासून चांगला दोन बोटं लांब लोंबत होतो. एखाद्या म्हशीलाही ते दिसलं असतं. हर्षालीने माझ्याकडे बघितलं. मग वर सासऱ्याकडे बघितलं.

"बरोबर आहे, आप्पा," ती म्हणाली.

मल्हारी दोरी माथ्यावर एका सुट्या विटेखाली दाबून खाली उतरला, गुडघ्यावर बसला आणि मी आणि भिंत यांच्यामध्ये बोटं घातली. दोन्ही आत गेली.

"इथं तूच धुणार ना?" त्याने विचारलं.

"हो, आप्पा."

"मग मला गोड कशाला बोलतीस? तुझी सासू बेचाळीस वर्षांत एकदाबी खोटं 'बरोबर' म्हणाली नाय."

मल्हारीने हातोडी आणली आणि वरून एकेक वीट काढायला लागला. सोमनाथ धावत आला. कारागीर लावू म्हणाला, तयार शेड आणू म्हणाला. मल्हारीने मान वर केली नाही. चंद्रभागाने बघितलेल्या थरापर्यंत तो आला आणि थांबला. तिथून खाली मला लावलं. मी शिवलो.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज दोनच थर चढवायला लागला. बादलीवर हर्षाली बसली. पहिल्या दिवशी ती फार वेळ नुसती माझ्याकडे बघत राहिली.

"अर्धं बोट बाहेर आहे, आप्पा."

"अर्ध्या बोटाने काय होतं?" तो वरून कुरकुरला.

हर्षालीने जरा दम घेतला.

"परत," ती म्हणाली.

त्याने वीट काढली.

आता भिंत वरपर्यंत गेली आहे. पत्रा बसला आहे. पेरूचा कट्टा तसाच वाकडा आहे, आणि नवसाबाई त्यालाही सुंदरच म्हणतात. मी पुन्हा खुंटीवर आहे, पुसलेला.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला वाळक्या सिमेंटात टाकू नका. कोरड्या फडक्याने पुसा, दोरीला गाठ पडू देऊ नका. वाकड्या कामाला छान म्हणू नका, करणारा कितीही दुःखी असला तरी. आणि खाली बसून तुम्हाला 'परत' म्हणणारं माणूस घरात असेल, तर कुरकुरा, पण वीट काढा. ते माणूस कायमचं तिथे बसलेलं नसतं. मल्हारीकडून मी शिकलो ते एवढंच.