गोल चेहऱ्यांची पुडी

उन्हाळ्यातल्या सर्वांत तापलेल्या दिवशी आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. हिवाळ्यातला दमा भर उन्हाळ्यात उपटायचा असतो, हे चीनमधल्या आमच्या सिचुआन प्रांतात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे साऱ्या आज्या नातवंडांना घेऊन ज्वो गुरुजींच्या दुकानापुढे प्लास्टिकच्या स्टुलांवर ठाण मांडून बसल्या होत्या. आत भिंतभर बऱ्या झालेल्यांनी दिलेल्या लाल मखमली पताका लटकत होत्या.

"दवाखान्याचं औषध रोग दाबतं," गुरुजी पंख्यानं वारा घेत म्हणाले. "आमची सात पिढ्यांची पुडी मूळ उपटते. संध्याकाळपर्यंत पोर पळायला लागलं नाही, तर माझी पाटी उतरवा."

"पुडीत असतं काय?" मी गर्दीतून विचारलं.

"बत्तीस वनस्पती आणि पूर्वजांचा आशीर्वाद. छिउ सिस्टर, तुमच्या दवाखान्यात आशीर्वाद कुठल्या खिडकीवर मिळतो?"

गर्दी खो खो हसली. चीड याची, की पोरं खरंच पळत होती. थान आजींची सहा वर्षांची नात श्याओमान वसंतात जिना चढताना दोनदा थांबायची, छातीतून शिट्टी वाजायची. आता ती उड्या मारत होती आणि गाल टम्म फुगले होते.

"बघ पोरी, कशी गुटगुटीत झालीय," आजींनी तिचा गालगुच्चा घेतला.

"छान," मी म्हणाले. मुलांच्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डात अकरा वर्षं काढलेली मी नर्स, आणि मी छान म्हणाले.

शरद ऋतू लागला आणि श्याओमानचं अपेंडिक्स फुटलं. ऑपरेशन नीट झालं. त्या वर्षी आमच्याकडे एक संशोधन चालू होतं, ऑपरेशननंतर मुलांच्या जखमा किती दिवसांत भरतात याचं. फॉर्म भरायचं काम माझं. त्यात एक प्रश्न होता, इतर औषधं कोणती.

"आजी, आणखी काही औषध देता?"

"नाही गं."

मी 'नाही' लिहिलं.

तिसऱ्या दिवशी पोर एकाएकी मलूल झाली. रक्तदाब खाली आला, सलाइननं वर येईना. रक्तस्राव नाही, ताप नाही. डॉक्टर युआनबाईंनी पुन्हा विचारलं, तर आजी करवादल्या, "काही देत नाही म्हटलं ना."

मी पोरीच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. त्या उन्हाळ्यापासून माझ्या फॉर्मांत चार मुलं अशी होती, ज्यांच्या जखमा उकलल्या होत्या. चौघांचेही चेहरे असेच गोल होते, आणि चौघंही आमच्याच भागातली.

"आजी, गुरुजींची पुडी देता?"

"ती होय? रोज द्यायचे. ऑपरेशनपासून बंद आहे, तोंडानं काही देऊ नका म्हणालात ना. आणि ती काय औषध आहे? अंग सुधारायला असते ती. शिवाय गुरुजींनी बजावलंय, दवाखान्यात बोललं की गुण जातो."

आम्ही जडीबुटी औषधात धरतच नाही, ती स्वयंपाकघरात सुपाच्या भांड्याशेजारी राहते. हे मला जन्मापासून माहीत. तरी मी प्रश्न तसाच विचारत आले, याचा मला गुरुजींपेक्षा जास्त राग आला.

आजींच्या पिशवीत एक पुडी निघाली. ती घेऊन मी दवाखान्याच्या जडीबुटी विभागातल्या मू काकांकडे धावले. चाळीस वर्षं त्यांनी मुळ्या आणि सालीच तोलल्यात. त्यांनी पूड कागदावर पसरली, हुंगली, चिमट्यानं एक पांढरा तुकडा उचलला. अर्धवट चिरडलेली गोळी होती ती. मोडायला सोपं जावं म्हणून पाडलेली रेघ अजून शाबूत होती.

"ही कुठल्या झाडाला लागते, विचार त्याला," काका म्हणाले. "नाव माझ्या जडीबुटीचं आणि माल हा. उद्या लोक मलाच चोर म्हणतील."

डॉक्टरांनी तुकडा पाहिला मात्र, लगेच स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. "दम लागणं थांबतं ते यानंच," त्या म्हणाल्या. "पण रोज बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं सोडतं. अचानक तोडलं की असं कोसळतं. चेहरा सुजतो, जखम भरत नाही." संध्याकाळी श्याओमाननं भाताची पेज मागितली. दोन दिवसांनी तपासणीचा अहवाल आला, स्टिरॉइडच होतं. दुकानाच्या झडतीत कपाटामागे गोळ्यांचे डबे सापडले. दुकानाला सील लागलं.

गल्ली काय म्हणाली? दवाखान्याच्या पोटात दुखलं म्हणाली.

घरी सोडताना डॉक्टरांनी आजींना चिठ्ठी दिली. तीच गोळी, पण मोजून, हळूहळू कमी करत बंद करायची. दम्यासाठी वेगळा फवारा. आजींनी सगळं ऐकलं आणि डोळे बारीक करून मला विचारलं, "म्हणजे गुरुजींचं औषध खरंच होतं की."

मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. मग त्यांच्याशेजारी बसले.

"खरं होतं, आजी. खरं होतं म्हणूनच पोर मरायला टेकली. फक्त त्यानं सांगितलं नाही, की आत काय आहे आणि किती आहे. जो हे सांगत नाही, मग तो गुरुजी असो की आमचा डॉक्टर, त्याच्या हातचं पोरीला देऊ नका. आणि तुम्ही जे देता, ते आमच्यापासून लपवू नका."

जखम भरायला सात आठवडे लागले. हिवाळ्यात श्याओमानचे गाल ओसरले, तेव्हा आजी कुरकुरल्या की पोर वाळली. पण संशोधनाच्या शेवटच्या तपासणीला फॉर्म भरताना त्यांनी स्वतःहून पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली. आल्याची पूड, खोकल्याचं सरबत, शेजारणीनं दिलेली कसली तरी साल.

"लिही," त्या म्हणाल्या. "सगळं लिही."