डब्यातला गुरुवार

माझ्या नवऱ्याचं नाव धनेश. तोंडावर मी 'अहो' म्हणते, मनात धनेश म्हणते, आणि इथे सगळं मनातलंच आहे. चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये, पत्रे दाबून गाड्यांचे भाग बनवतात तिथे, तो मेंटेनन्सला आहे. तीन वर्षांपूर्वी त्याने भोसरीतल्या मित्राच्या शेडमध्ये खपून, जीपमागे ओढायची एक चाकांवरची खोली तयार केली. तो तिला कॅराव्हॅन म्हणतो. पिंपळे गुरवमधली आमची अख्खी गल्ली तिला डबा म्हणते. मीही डबाच म्हणते, फक्त हळू आवाजात.

आमच्या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. म्हणून दर गुरुवारी सकाळी डबा पवना धरणाच्या काठी निघतो. मुलीला, दिव्याला, शाळा असते, ती सासूबाईंजवळ राहते. म्हणजे सहल कुटुंबाची आणि कुटुंब दोघांचं. तिथे जाऊन मी पोहे करते, चहा करते, भात-आमटी करते, भांडी घासते आणि पाण्याकडे बघत बसते. घरीही हेच करते, पाणी तेवढं नळाचं असतं. पहिले पाच-सहा गुरुवार मला आवडले, खोटं कशाला बोलू. पण आवडलं म्हटलं की आमच्याकडे ते जन्माचं होतं. त्याच्या तोंडाकडे बघून नको म्हणायला जीभ रेटत नाही, कारण डब्याला हात लावला की तो वेगळाच माणूस असतो, शीळ घालतो.

डब्यात कंपनीची शिस्त. गाळणीच्या हुकाखाली 'गाळणी' अशी पट्टी, सांडशीच्या हुकाखाली 'सांडशी'. टॉवेल अडकवायच्या एका हुकाखाली 'वर्षाली'. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसले होते. आता बघायचं टाळते.

त्या आठवड्यात मी त्याच्यापासून एक गोष्ट लपवली. लग्नाआधी बार्शीला मी आठवी-नववीला गणित शिकवायचे. मारुंजीच्या एका शाळेत जागा निघाली, तो पहिल्या शिफ्टला असताना जाऊन मुलाखत देऊन आले. मुख्याध्यापिका कुसुमताई म्हणाल्या, "गुरुवारी अकराला फोन करते. हो की नाही ते तेव्हाच सांगा. दुसऱ्या बाई थांबल्यात." शाळा गुरुवारी असते, हे सांगायला नको. हो म्हटलं की डबा संपला.

धरणाकाठी रेंज फक्त वरच्या उंबराखाली मिळते. साडेदहाला वर जायचं आणि काय तो निकाल लावायचा असं मी ठरवलं होतं. पण पोहे करायला घेतले आणि शेगडीचा रेग्युलेटर गळायला लागला. धनेशने डब्यापासून जीप सोडवली, म्हणाला, "नवीन घेऊन येतो, तासाभरात." मला बरंच वाटलं. मी अंगावरचा गाऊन बदलायला डब्यात मागच्या पडद्याआड गेले. बाहेर दार ओढल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ खट्.

मी ओरडले. जीप सुरू झालेली होती.

ते कुलूप लाल आहे, कंपनीत असतं तसलंच. कंपनीत मशिनमध्ये हात घालण्याआधी वीज बंद करून तिथे आपलं कुलूप लावतात आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतात. ज्याचं कुलूप त्याचीच किल्ली, दुसरी किल्ली साहेबांकडेसुद्धा नसते. बारा वर्षं धनेश हेच करतोय. तिथे कुलूप लावलं की माणूस वाचतो. त्यामुळे कुलपाने कुणी अडकेल हे त्याच्या डोक्यात येणारच नाही. आत कुणी आहे का, असं ते विचारतात, पण कुलूप काढताना. लावताना नाही.

मी दाराला धडका देऊन पाहिल्या. वेल्डिंग माझ्या नवऱ्याचं, हलेल कशाला. खिडकीला त्यानेच चोरांच्या भीतीने गज लावलेले, आतून मच्छरदाणीची जाळी. मोबाइल हातात, पण पत्र्याच्या डब्यात रेंजची एक काडी नाही. दहा चाळीस झाले होते. मला रडू आलं, आणि ते भीतीचं नव्हतं, संतापाचं होतं. तीन वर्षं मी इथे स्वतःच्या पायाने येऊन बसत होते आणि त्याला सहल म्हणत होते.

"गोजाबाई!" मी खिडकीतून हाका मारल्या. ही जागा गोजाबाईंची. शनिवार-रविवारी त्या आयटीवाल्यांना तंबू भाड्याने देतात, गुरुवारी आम्ही एकटेच असतो. त्या काठाने शेरडं हाकत आल्या.

"आगं, आत काय करतीस? मालक तर गेलं."

"कुलूप लावून गेले. तोडा हो ते."

त्यांनी पहार आणली, चार घाव घातले, आणि थांबल्या. "लई चिवट हाय. आन् दाराचा पत्रा फाटला तर तुजा मालक मलाच बोलंल. येईल की त्यो तासाभरात."

"तासाभरात नोकरी जाईल माझी," मी म्हणाले. कुणाला तरी पहिल्यांदाच सांगत होते. मग सगळं सांगितलं, शाळा, अकराचा फोन, दुसऱ्या बाई. गोजाबाईंनी पदराने कपाळ पुसलं.

"फोन दे हिकडं. वर घेऊन जाते."

मी कांदे चिरायच्या सुरीने जाळी फाडली आणि गजांमधून मोबाइल दिला. "अनोळखी नंबर येईल. हिरवं बटण..."

"सरकवायचं. म्हाईत हाय. तंबूचं बुकिंग मीच घेते. काय सांगू, ते बोल."

"हो सांगा. फक्त हो."

त्या चढ चढून गेल्या आणि मी खिडकीशी उभी राहिले. घड्याळ मोबाइलमध्येच गेलं होतं, त्यामुळे किती वाजले तेही कळेना. फोन आला असेल का, गोजाबाईंनी माझं नाव नीट सांगितलं असेल का, की कुसुमताईंनी आवाज ऐकून राँग नंबर म्हणून ठेवला असेल? उन्हाने पत्रा तापायला लागला.

आधी जीपच आली. पावलं दारापाशी थांबली आणि सवयीप्रमाणे धनेशने मोठ्याने आरोळी दिली, "कुलूप काढतोय, आत कुणी आहे का?"

"मी आहे," मी म्हणाले.

दार उघडलं तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "वर्षाली... अगं, मला वाटलं तू काठाला आहेस." तो खरंच हादरला होता. मी काही बोलणार तोवर गोजाबाई उतरून आल्या, दम लागलेला.

"आला फोन. बाईंनी इचारलं, घरच्यांची हरकत न्हाई ना? म्या म्हनलं, न्हाई. सोमवारी साडेसातला बोलावलंय." मग धनेशकडे वळून, "न्हाई ना वो हरकत? माजा शबूद गेलाय."

"कुठे बोलावलंय?" धनेशने मला विचारलं.

"शाळेत. मारुंजीला. गणित शिकवायला."

"गुरुवारी शाळा असते?"

"असते."

गोजाबाई शेरडांच्या मागे निघून गेल्या. धनेश डब्याच्या पायरीवर बसला. नवा रेग्युलेटर त्याच्या हातातच होता.

"मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला नसता. बघू म्हणाला असता."

त्याने मान खाली घातली. मला त्याची दया आली. सहा दिवस दुसऱ्याच्या मशिनी दुरुस्त करतो, स्वतःच्या मनाचं एवढं एकच केलेलं. पण दया आली म्हणून मी परत आत जाऊन बसणार नव्हते.

"तुम्ही येत जा की," मी म्हणाले. "डबा आहे, जीप आहे."

"एकटा?" तो म्हणाला. "दिवसभर या पाण्याकडे बघत एकट्याने काय करायचं इथे?"

तो माझ्याकडे बघत राहिला, मग पाण्याकडे, आणि आपण काय बोललो ते सावकाश त्याच्या लक्षात आलं.