पाळणा झालाच समजा

आमच्या ह्यांचं आवडतं वाक्य म्हणजे "झालंच समज." बाथरूमचा नळ गळतोय? झालंच समज. पंख्याचा आवाज येतोय? झालंच. इथे सिंगापुरात, आंग मो किओ भागातल्या एका कंपनीत मॅनेजर होते तेव्हा हाताखालची माणसं धावपळ करून ह्यांचं झालंच खरं करून दाखवायची. रिटायर झाल्यावर हाताखाली मी एकटी उरले, आणि मी काही धावणाऱ्यांतली नाही.

आमच्या नीलची बायको रेका, बुडापेस्टची. दोघं हौगांगला राहतात, आम्ही पुंगोलला. रेकाला दिवस गेल्याचं कळलं तसं आमच्या ह्यांनी, म्हणजे निशिकांतरावांनी, जेवणाच्या टेबलावर दोन घोषणा केल्या. नातवंडाचा पाळणा मी स्वतःच्या हाताने करणार, आणि व्याह्यांशी त्यांच्या भाषेत बोलणार. रेकाची आई नाही. वडील आंद्राश एकटे राहतात आणि त्यांचं इंग्रजी बेताचंच.

मग शनिवारी शनिवारी रेका ह्यांना हंगेरियन शिकवायला यायला लागली. मी तिथेच फरसबी चिरत बसायची, त्यामुळे फुकटात बरंच कानावर पडलं.

"बाबा, ओल्वश्तम म्हणजे मी वाचत होतो," रेका सांगायची. तिचं मराठी हळू पण स्वच्छ आहे. "पुस्तक संपलं की नाही, माहीत नाही. आता पुढे एल लावा. एलओल्वश्तम. वाचून काढलं. बुक क्लोज्ड."

"म्हणजे एल लागला की काम फत्ते."

"हो. केस्युल म्हणजे तयार होतंय. एलकेस्युल्त, तयार झालं. आणि कोणी विचारलं, एलकेस्युल्त? तर अख्खं वाक्य पण नको. नुसतं म्हणायचं, एल."

हे इतके खूश झाले की दुसरा चहा मागितला. एवढ्याशा आवाजात काम उरकणारी भाषा जणू ह्यांच्यासाठीच कोणी घडवली होती.

पाळण्याच्या फळ्या आल्या आणि पाहुण्यांच्या खोलीत पलंगावर पुठ्ठ्यातच पडून राहिल्या. एका रविवारी स्काइपवर आंद्राश दिसले. टक्कल, पांढऱ्या मिशा, मागे भिंतीशी एक जुना लाकडी पाळणा. रेका त्यातच वाढलेली. तो सुटा करून विमानाने आणू का, असं ते मागेच म्हणाले होते, आणि हे नको म्हणाले होते.

"एलकेस्युल्त?" त्यांनी विचारलं.

"एल," हे म्हणाले. छाती काढून.

मी टेबलाखालून ह्यांना चिमटा काढला. "अहो, पुठ्ठासुद्धा फोडलेला नाही."

"अगं, झालंच आहे. चार स्क्रूंचं काम."

पुढच्या रविवारी आंद्राशांच्या मागची भिंत रिकामी होती. सिंगापूरचा पाळणा तयार झाला म्हणून त्यांनी आपला पाळणा शेजारच्या पोरीच्या बाळाला देऊन टाकला होता. हे सांगताना ते हसत होते, पण रिकाम्या जागेकडे एकदा वळून बघितलंच. ह्यांना त्या रात्री जेवण गेलं नाही. दुकानात पाळणे मिळतात, हे मलाही कळतं. पण त्या माणसाने आपल्या मुलीचा पाळणा ह्यांच्या शब्दावर देऊन टाकला होता, आणि तो शब्द खोटा होता. मला राग आला आणि ह्यांची कीवही आली.

हे फळ्यांना हात घालणार, तोच नात तारखेच्या आठवडाभर आधी जन्मली. हॉस्पिटल, डबे, रेकाची उठबस, यात पाळणा राहिला तो राहिलाच. बारशाच्या दोन दिवस आधी आंद्राश चांगी विमानतळावर उतरले आणि मुक्कामाला आमच्याकडे आले. त्यांची बॅग घेऊन हे पाहुण्यांच्या खोलीच्या दाराशी गेले आणि तिथेच थबकले. पलंगावर पुठ्ठा तसाच होता.

आंद्राश पुठ्ठ्याकडे बघत होते, हे जमिनीकडे. मी मध्ये पडणार होते, कपाट छोटं आहे, पाहुणे फार, असलं काहीतरी निमित्त सांगून. पण ह्यांनी मान वर केली.

"केस्युल," हे म्हणाले. मग स्वतःच पुन्हा, "एल नाही. केस्युल. सॉरी."

आंद्राश पलंगाच्या कडेला बसले आणि मिशीतल्या मिशीत हसायला लागले. तोडक्यामोडक्या इंग्रजीत त्यांनी सांगितलं ते असं. रेका जन्मली तेव्हा त्यांनीही बायकोला हॉस्पिटलात एल म्हणून सांगितलं होतं. घरी आल्यावर रेका पहिला महिनाभर कपाटाच्या खणात झोपली, बायको तोवर त्यांच्याशी बोलली नाही.

दोन्ही व्याही फळ्या घेऊन खाली व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत गेले. दोन दिवस घासकाम, ठोकाठोकी. शेजारचे चिनी आजोबा येऊन "बेबी कमिंग आह?" विचारून सूचना देत बसले. मी चहा पोचवला, आणि खरं सांगते, ह्यांना असं घाम गाळताना बघून मला फार बरं वाटलं.

बारशाला पाळणा हॉलमध्ये आला. रेका बाळ घेऊन उभी होती. "बाबा, एलकेस्युल्त?"

"केस्युल," हे म्हणाले. स्वयंपाकघरातून तांदळाची पिशवी आणली, पाळण्यात ठेवली आणि झोका दिला. खाली वाकून एकेक सांधा हाताने चाचपला. बायका खोळंबल्या, नील घड्याळ बघायला लागला, तरी हे हलेनात. शेवटी पिशवी काढली आणि स्वतः नातीला उचलून आत ठेवलं. तिने एक जांभई दिली आणि झोपून गेली.

आंद्राशांनी ह्यांच्याकडे बघितलं. "एल?"

 डोळे पुसून हे आधी माझ्याकडे वळले.

"झाला," हे म्हणाले. नुसतं झाला. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण ह्यांनी झालं म्हटल्यावर मी उठून बघायला गेले नाही, असं पहिल्यांदाच घडलं.