न नांगरलेली बांधी

"थांबा जी, पाय नोका ठेवू तिथं," धुरपताबाई म्हणाली, आणि तिच्या नवऱ्याचा, बकारामचा, उचललेला पाय बांधाच्या धुऱ्यावर तसाच अधांतरी राहिला.

धानाच्या दोन चुडांच्या बुंध्यांमधली माती उकरून तिने ओंजळीत घेतली होती. "सतरा," ती म्हणाली. "एवढ्याशा मातीत सतरा गांडुळं. मी दोनदा मोजली."

"सकाळी सकाळी गांडुळं कायले मोजून राहिली तू?" बकाराम म्हणाला, पण खाली उतरून तिच्या शेजारी उकिडवा बसलाच.

सप्टेंबर सरत आला होता. बावीस दिवस पाऊस नव्हता. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी कालव्याच्या शेवटी असलेल्या या बांध्यांपर्यंत, धानाच्या खाचरांपर्यंत, पोचलंच नव्हतं. धान ऐन निसवायला आलेलं, आणि शेजारी मंगरूच्या बांधीत तळहात आत जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. धुरपताबाईच्या एकरभर बांधीत मात्र चार बोटं खाली माती ओली होती. बकारामने मूठ वळली. गोळा झाला. अंगठा लावताच तो रवाळ सुटला. त्याने हात नाकाशी नेला.

"जंगलातल्यासारखा वास येऊन राहिला," तो हळूच म्हणाला. नागझिऱ्याच्या बाजूला त्याने वीस वर्षं मजुरी केली होती. पानांखालच्या मातीचा वास त्याला सांगावा लागत नव्हता.

"मंग? चार वर्षं मी काय सांगून राहिली?"

चार वर्षांपूर्वी गावात शेतीशाळा झाली तेव्हा ती बायकांच्या रांगेत अगदी मागे बसली होती. तिथे सांगितलं, गादीवाफे एकदाच करायचे; पुढे नांगर नाही, चिखलणी नाही. कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजू द्यायची, तणस, म्हणजे धानाचा पेंढा, जाळायची नाही, धानामागून लाखोळीचं कडधान्य टाकायचं. घरी पोचेपर्यंत तिच्या डोक्यात वाफे पडलेसुद्धा होते. बांधी पुरनलाल पटलेंची, हिने ठेक्याने केलेली. "तुले वाटते तसं कर," म्हणून त्यांनी हात झटकले. पहिल्या वर्षी तण कमरेला लागलं आणि धान निम्मं आलं. बाईनं चांगली बांधी बिघडवली, असं पानठेल्यावर लोक बोलले. बकारामने महिनाभर ती वाटच सोडली. तिने एकटीने तण कापलं आणि वाफ्यांवरच अंथरलं.

आज तोच बकाराम खुरपं तिच्या हातातून घेऊन बांधीभर फिरत होता. "इथं एकवीस," त्याने कोपऱ्यातून हाक दिली. आणखी दहा पावलांवर जाऊन, "इथं चोवीस हायेत वो."

त्याचा आवाज ऐकून मंगरू आला. "काऊन गा, धन सापडलं का?" तो हसत म्हणाला. पण त्याने वाफ्यात बोट खुपसलं आणि ते बराच वेळ बाहेर काढलं नाही.

"वहिनी," तो म्हणाला, "माह्या बांधीत हे कधी करून देतेस?"

दुपारपर्यंत आठदहा जण जमले. जमीन का धरते, मुळं कुजली की पाणी कुठून उतरतं, हे धुरपताबाई सांगत सुटली. शेतीशाळेत तोंड न उघडलेली बाई चिखलाचे हात हलवत बोलत होती आणि माणसं ऐकत होती. जेवायचं तिला आठवलंच नाही.

धान भरघोस आलं. मळणी उरकली, त्याच आठवड्यात पुरनलाल मोटारसायकलवर आले. बराच वेळ धुऱ्यावरून इकडून तिकडे फिरले.

"धुरपता, यंदापासून ही बांधी आमीच करू म्हणतो," ते म्हणाले. "आमचा लोकेंद्र आता घरीच हाये. पोरगा म्हणते, जमीन चांगली झाली, तर दुसऱ्याले कायले द्यायची."

बकाराम उसळला. "आपोआप चांगली झाली का? केली कोनं? तवा कोनी पाह्यलं नाही, आन् आता..."

"तुमी थांबा जी." धुरपताबाईने खाली वाकून वाफ्यातलं एक ढेकूळ उचललं आणि पुरनलालांच्या तळहातावर ठेवलं. त्यातून दोन गांडुळं वळवळत वर आली.

"जमीन तुमची हाये, पुरनभाऊ. घ्या. पण ट्रॅक्टर नोका घालू. एका दिवसात सारं मरून जाईल. लोकेंद्रले माह्याकडं पाठवा, मी शिकवीन."

पुरनलालांना ते ढेकूळ टाकताही येईना, धरताही येईना. शेवटी त्यांनी वाकून ते होतं तिथेच ठेवलं. "नाही घालत," ते म्हणाले. मग तिच्याकडे न बघताच, "जंगलाकडची मुरमाडी जमीन पडून हाये. पाहिजे तर ते कर. ठेका नोको."

"तिथं कुदळ तरी उतरते का?" बकाराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघं मुरमाडीवर होती. धुरपताबाईने कुदळ मारली. ती खणकन् उलटली. तिने खाली बसून अंगठा दाबून पाहिला. जमीन दगडासारखी होती. तिने चिमूटभर माती जिभेवर ठेवली, थुंकली, आणि उठून उताराकडे डोळे बारीक करून बघू लागली.

"पाणी इकडून येईल," ती म्हणाली. "म्हणजे वाफे आडवे." ती भराभर पावलं टाकत निघाली. "इथून पहिला. मंग इथून दुसरा. तणस मंगरू देईल, बोलली मी त्याले."

बकारामने सुतळीचं एक टोक खुंटीला बांधलं, खुंटी दगडाने ठोकली आणि दुसरं टोक घेऊन तिच्या मागे चालू लागला.