फक्त बंबांसाठी

नगरपालिकेच्या मुख्य लेखापालाला एका ओळीचा भारी अभिमान होता. घरपट्टीवर अग्निशमन कर बसला, तेव्हा ती त्यानेच घुसवली होती: 'हा पैसा फक्त नवे बंब घेण्यासाठी वापरावा.' आणि का घुसवू नये? आधीच्या शिक्षण करातून चौकात कारंजे उभे राहिलेले त्याने डोळ्यांनी पाहिले होते. आता येऊ दे कोणाला हात मारायला! सहा वर्षांत कोणाची टाप झाली नाही. अग्निशमन केंद्रात लालभडक सात बंब उभे होते, पुसायला माणसे पुरत नव्हती.

त्याचा धाकटा भाऊ त्याच केंद्रात फायरमन. एका सकाळी तो कागद घेऊन टेबलापाशी आला.

"दादा, धुरात घालायचे मास्क पार गेलेत. अकरा जणांत तीन धड आहेत. नव्या बंबाचे सुटे भाग म्हणून दाखव आणि कर सही."

"मास्क म्हणजे सुटा भाग? वेड लागलंय का तुला? आज तुझ्यासाठी नियम वाकवला, की उद्या सगळे रांग लावतील."

"अरे, आगीत बंब शिरतो का? आम्ही शिरतो!"

"नियम बदलायला टाकतो ना वीस तारखेच्या बैठकीत. तोवर जरा दम धर."

धाकट्याने कागदाची घडी केली. "बरं बाबा, तू म्हणशील तसं," म्हणाला आणि गेला. सख्ख्या भावालाही सूट दिली नाही, याचे लेखापालाला मनातून बरेच वाटले. काय म्हणावे या माणसाला!

बारा तारखेला भर दुपारी रंगाच्या गोदामाला आग लागली. सातही बंब चार मिनिटांत हजर. आत दोन हमाल अडकले होते. तिन्ही मास्क घालून तिघे आधीच शिरले होते. धाकटा तोंडाला ओला फडका बांधून गेला. एका हमालाला त्याने दारापर्यंत ढकलत आणले. तो स्वतः काही बाहेर आला नाही.

वीस तारखेला बैठक झाली. 'बंब व जवानांची साधने' हा बदल लेखापालानेच वाचून दाखवला. कोणी हरकत घेतली नाही.

संध्याकाळी भावजयीने विचारले, "दादा, झालं का हो ते मास्कचं?"

"झालं."

"किती वेळ लागला?"

खोटे बोलायला हवे होते. पण ते त्याला जन्मात जमले नव्हते.

"पाच मिनिटं," तो म्हणाला.

ती उठून आत गेली आणि तिने आतून कडी लावून घेतली.